मधमाशांच्या घळीतली हाक

ज्याला टर्की मिळाला तो आधी कॉफी मागतो आणि मग खोटं बोलतो. ज्याला मिळाला नाही तो कॉफीचीसुद्धा वाट बघत नाही, असं हर्शेलकाका प्रुइट म्हणायचे. त्यांना म्हणायचा अधिकार होता. मिझुरीच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, पक्का रस्ता संपतो तिथे त्यांचं दुकान होतं. वसंतातल्या शिकारीच्या दिवसांत आसपासच्या रानात पडलेला प्रत्येक रानटर्की तिथे आणून दाखवावा लागे. काका पक्षी तोलायचे, नराच्या छातीवर लोंबणारी केसाळ दाढी मोजायचे आणि त्याच्या पायात सरकारी पट्टी अडकवायचे. दुपारी एकला शिकार बंद, त्यामुळे सकाळी उन्हं वर आली की दुकानापुढे चिखलाने माखलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागे.

“काका, काटा बघा नीट. हा पक्षी एवढासा नाही.”

“माझा काटा दर रविवारी चर्चला जातो. तू जातोस का?”

असं सगळं चालायचं. शेगडीशेजारच्या बाकावर डेन्झिल योकम आणि होबर्ट स्कॅग्ज बसलेले असायचे. दोघं एकाच वर्गात शिकले, एकाच लाकडाच्या गिरणीत लागले, एकाच उन्हाळ्यात दोघांची लग्नं झाली. डेन्झिलला उजवा डोळा नव्हता. त्या बाजूच्या गालावर आणि मानेवर निळसर ठिपके होते, कुणी शाईची लेखणी झटकावी तसे. दर वर्षी कुणीतरी नवखा त्या गालाकडे चोरून बघायचा, आणि मग बाकीचे म्हणायचे, “होबर्ट, सांग की रे.”

होबर्ट सांगायचा. ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या जागी थांबत.

“मी होतो खाली ओढ्याकाठी, डोंगराच्या पार पलीकडे. हा मधमाशांच्या घळीत. बार ऐकला. म्हटलं, पाडला लेकाने. मग म्हटलं, हा ओरडला कसा नाही? पक्षी पडला की हा गडी असा बोंबलतो की तीन गावची कुत्री भुंकायला लागतात. मन म्हणालं, चल बघू. जाऊन बघतो तर हा ओकच्या बुंध्याशी पडलेला. तोंड म्हणजे नुसता चिखल लाल रंगाचा.”

मग त्याने डेन्झिलला पाठुंगळी कसं घेतलं, आपला मोडका गुडघा कसा फरफटत नेला, घळीतून वर गाडीपर्यंत कसा आणला, हे सगळं यायचं. शेवटी सगळे डेन्झिलकडे बघायचे, कारण शेवटचं वाक्य त्याचं असायचं.

“आणि सबंध वाट मला शिव्या देत होता. म्हणत होता, दोन बिस्किटं कमी खाल्ली असतीस तर काय बिघडलं असतं?”

लोक हसायचे. नवखा मान हलवायचा. काका पुन्हा कॉफी ओतायचे.

ही गोष्ट खरी होती. होबर्टने त्याला वाहून आणलं हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. पण त्या सकाळच्या दोन बाबी डेन्झिल दुकानात कधीच बोलला नव्हता.

पहिली बाब म्हणजे निव्वळ लाजेची. डेन्झिलची मादीची हाक सगळ्या भागात नावाजलेली होती. हातात मावेल एवढी गोल पाटी आणि लाकडी काडी. ती काडी पाटीवर अशी फिरवायचा की झाडावर बसलेला नर गुडगुडत उत्तर द्यायचाच. त्या सकाळी मात्र दव इतकं पडलं होतं की पाटी ओली झाली. खिशातला लाल रुमाल काढून त्याने ती पुसली, पुन्हा पुसली, पण काडी घसरतच राहिली. वर डोंगराच्या धारेवर नर तर बोलतोय. शेवटी त्याने शेजारच्या फांदीचं कोवळं पान तोडलं आणि लहानपणी आजोबांनी शिकवलं होतं तसं ओठात धरून फुंकलं. दोन हाका सरळ आल्या, तिसरी फाटली. पुन्हा केलं, पुन्हा तिसरी फाटली. ऐकून त्याचा त्यालाच राग आला. एवढा नावाजलेला माणूस आणि हाक अशी! नंतर सगळ्यांना त्याने पाटी वाजवत होतो असंच सांगितलं. लोरीनला, त्याच्या बायकोलासुद्धा.

दुसरी बाब पावलांची. बार झाला, तो आडवा झाला, आणि त्यानंतर वाळक्या पानांतून पावलं त्याच्याकडे आली. थांबली. कुणीतरी उभं होतं. त्याचा श्वास डेन्झिलला ऐकू येत होता. रक्ताने दोन्ही डोळे भरलेले, तोंडातून शब्द फुटेना. मग ती पावलं वळली आणि निघून गेली. त्यानंतर किती वेळ तो तसा पडून होता ते त्याला सांगता येईना. गार पडत गेला एवढं आठवत होतं. मग लांबून, खालच्या बाजूने होबर्टची हाक आली: “डेन्झिल! ए डेन्झिल!”

हे त्याने रानखात्याच्या अधिकाऱ्याला सांगितलं होतं. अधिकारी म्हणाला, “योकमसाहेब, टर्की वाळक्या पानांतून चालला तर माणूसच चालतोय असं वाटतं. तुम्ही शुद्धीवर नव्हता.” ते खरंही होतं. माणसाचं आणि टर्कीचं चालणं कानाला सारखंच, हे प्रत्येक शिकाऱ्याला माहीत असतं. पण टर्की असा श्वास घेत नाही.

गोळी कुणी घातली ते कधीच कळलं नाही. शहरातून आलेला कुणीतरी असेल, असं गाव मोठ्याने म्हणायचं. हळू आवाजात मात्र वेस्टर गॅनचं नाव घ्यायचं. वेस्टर एकटा राहायचा, सापळे लावायचा, प्यायचा, आणि त्या सकाळी त्याची गाडी डोंगराच्या धारेवर उभी असलेली गावातल्या दोघांनी पाहिली होती. त्याच्यावर आरोप कुणी केला नाही. फक्त दुकानात तो ज्या बाकावर बसे तिथून माणसं उठायला लागली. डेन्झिलही एकदा उठला होता, हातातला कप अर्धा भरलेला असताना. पुढच्या वर्षी वेस्टरने घर विकलं आणि शेजारच्या आर्कन्सॉ राज्यात निघून गेला. गेला म्हणजे तोच असणार, असं मग सगळे म्हणाले.

डेन्झिलला गिरणीत करवतीवर उभं राहता येईना. मालक त्याला काढायला निघाला तेव्हा होबर्ट पुढे झाला. “हा गेला तर मी पण जातो.” मालकाने डेन्झिलला फळ्या रचायच्या कामावर ठेवलं. डाव्या खांद्यावर बंदूक लावून नेम धरायला त्याला होबर्टनेच शिकवलं, सबंध हिवाळाभर, कुंपणावर डबे मांडून. स्वतः होबर्टने मात्र त्या दिवसापासून बंदूक हातात धरली नाही. “तुला तसा पडलेला बघितला आणि माझ्यातली शिकारच मेली,” म्हणायचा. लोकांना ते मोठं वाटायचं. दर हिवाळ्याला तो न सांगता डेन्झिलच्या अंगणात सरपण आणून टाकायचा.

“अरे, किती करशील?” डेन्झिल कधी कधी वैतागायचा.

“गप्प बस. दगडासारखा जड होतास तू त्या दिवशी. सवय झालीय तुझं ओझं वाहायची.”

छर्रे गालात तसेच राहिले होते. थंडी पडली की ठणकायचे. मधूनच एखादा वर सरकत यायचा, आणि दाढी करताना वस्तऱ्याला लागून भांड्यात पडायचा. टण्ण. लोरीन आवाज ऐकून स्वयंपाकघरातून विचारायची, “आणखी एक?”

“आणखी एक.”

अशी बरीच वर्षं गेली. त्या वसंतात डॉगवुडच्या झाडांना पांढरा बहर नेहमीपेक्षा लवकर आला होता. काकांनी दुकानात विकायला नव्या लाकडी डब्या मागवल्या होत्या. झाकण घासलं की मादीचा आवाज काढणाऱ्या. बाकावरच्या सगळ्यांना ते एक डबी वाजवून दाखवत होते.

होबर्ट हसत म्हणाला, “काका, ही विकू नका. ही फार शिकलेली मादी दिसतेय. खऱ्या मादीला एवढं गोड बोलता येत नाही. मी ऐकलेली सगळ्यात खरी मादी सांगू? दोन हाका सरळ, तिसरी फाटायची. गंजलेल्या बिजागरीसारखी. मग जरा गप्प. मग पुन्हा दोन सरळ आणि तिसरी फाटकी. म्हटलं, म्हातारी आहे, आणि हिच्यामागे नर असणारच...”

तो थांबला.

“मग? मारलास?” काकांनी विचारलं.

“नाही. उडाला.” होबर्टने कप खाली ठेवला. ठेवताना थोडी कॉफी बाकावर सांडली आणि तो बाहीने ती पुसत बसला, कोरडी झाली तरी पुसत बसला.

डेन्झिलच्या तोंडावर मघाचं हसू तसंच होतं. ते आता काढायचं कसं ते त्याला समजेना. ओढ्याकाठी, डोंगराच्या पार पलीकडे, पानावरची हाक पोचत नाही. ती ऐकायला माणूस घळीत असावा लागतो. जवळ.

घरी आल्यावर लोरीनने बीन्स आणि मक्याचा पाव पुढे ठेवला. तो नुसता बसून राहिला.

“बरं नाही का?”

“बरा आहे.”

“गाल दुखतोय?”

“हो,” तो म्हणाला, कारण ते सोपं होतं.

मनाशी त्याने पुष्कळ वाद घातला. रानात आवाज फाटलेल्या माद्या काय कमी असतात? होबर्टने दुसऱ्या कुठल्या वर्षी, दुसऱ्या कुठल्या डोंगरात ऐकली असेल. पण सरपणाचा ढीग दिसला की त्याला कसंतरी व्हायचं. नेम धरायला शिकवताना होबर्टचा हात खांद्यावर कसा थरथरायचा ते आठवायचं. तेव्हा वाटलं होतं थंडीने. पहाटे जाग आली की वाळक्या पानांतली ती पावलं ऐकू यायची. पूर्वीही यायची, पण त्या पावलांना तोंड नव्हतं. आता होतं. आणि गोळीपेक्षा त्याला दुसरंच काहीतरी जास्त खात होतं. गोळी चुकून सुटते. लाल रुमाल दिसला असेल, नराचं लाल डोकं वाटलं असेल. पण ती पावलं येऊन थांबली होती. पाहून मग गेली होती.

त्याने होबर्टला फोन केला. “शनिवारी येतोस?”

“कुठं?”

“मधमाशांच्या घळीत.”

पलीकडे होबर्टची बायको अल्मेडा मागे भांडी आवरत होती तेवढं ऐकू येत होतं.

“येतो,” होबर्ट म्हणाला.

उजाडायच्या आधी दोघं घळीत उतरले. होबर्ट रिकाम्या हाताने, डेन्झिलच्या हातात बंदूक. त्याच ओकपाशी डेन्झिल बसला. होबर्ट क्षणभर उभा राहिला आणि मग त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा, बसला. वर घुबड घुमलं आणि त्याला उत्तर म्हणून धारेवरून नर गुडगुडला. झाडाझाडांतून तो आवाज खाली गडगडत आला. पूर्वी त्या आवाजाने दोघांच्याही अंगावर काटा यायचा आणि दोघं एकमेकांकडे बघून पोरांसारखे हसायचे.

डेन्झिलची पाटी खिशात होती, कोरडी. त्याने ती काढली नाही. हात लांब करून कोवळं पान तोडलं आणि ओठांत धरलं. डोळा होबर्टवरून न काढता त्याने फुंकलं.

दोन सरळ. तिसरी फाटली.

होबर्टचे हात गुडघ्यांवर होते. त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले, लहान मूल दाबतं तसे. डेन्झिलने पुन्हा फुंकलं. होबर्टच्या घशातून काहीतरी आवाज आला. तो डेन्झिलकडे बघत नव्हता. समोर, झुडपांच्या एका जागेकडे बघत होता, जिथून कुणी नेम धरला असता. बंदूक डेन्झिलच्या मांडीवर आडवी होती. ती तिथे आहे हे दोघांनाही माहीत होतं. एक क्षण, अगदी एकच, डेन्झिलला बरं वाटलं. या माणसाला असं बघून बरं वाटलं. मग त्याला स्वतःचीच किळस आली आणि त्याने पान थुंकून टाकलं.

वाळक्या पानांतून पावलं येऊ लागली. चार पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. नर होता तो, डौलात पिसारा फुलवून हाकेवर येत होता. होबर्ट ताडकन उठला आणि पाठ फिरवून घळीतून खाली चालू लागला, मोडका गुडघा फरफटवत. नर फडफडत उडाला. डेन्झिलने बंदूक उचललीसुद्धा नाही.

नंतर दोघं गाडीतून परतले. होबर्टच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्याने उतरायला दार उघडलं, पाय खाली टाकला आणि तसाच बसला.

“डेन्झिल.”

“हं.”

“ते परत वाजवू नकोस.”

“नाही वाजवणार.”

दार लागलं. त्या दोघांमध्ये या विषयावर यापेक्षा जास्त बोलणं कधीही झालं नाही.

जून महिन्यात डेन्झिल आर्कन्सॉला गेला. लोरीनला म्हणाला, करवतीची पाती बघायला चाललोय. वेस्टर गॅन एका कोंबडीपालनाच्या आवाराशेजारी, चाकांवरच्या जुन्या घरात राहत होता. दारू सुटली होती, दात गेले होते. त्याने डेन्झिलला ओळखलं, पण बस म्हणाला नाही.

“वेस्टर, ते तू केलं नव्हतंस. मला कळलंय.”

“मला आधीपासून कळलंय,” वेस्टर म्हणाला. “मी नव्हतोच ना तिथे. मी धारेवर होतो. तो पळत वर आला, माझ्या खालून गेला. हंबरडा फोडून रडत होता. एवढा थोराड माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता. गाडीत बसला आणि गेला.”

“कोण?”

“तुला ठाऊक आहे कोण. नाहीतर इतक्या लांब आला नसतास.”

तो पायरीवर बसला. “मग बोलला का नाहीस?”

“कुणाला? अधिकाऱ्याने विचारलं, तू कुठे होतास? ते सांगितलं. तू काय पाहिलंस, हे एकाने तरी विचारलं? तू विचारलंस? तू तर कप घेऊन उठलास माझ्या शेजारून.” वेस्टर आवाज न चढवता बोलत होता. “आणि मी सांगितलं असतं तर? ज्याने तुला पाठीवर आणला त्याचं नाव घेणारा दारुडा. मारलंच असतं मला.”

पलीकडच्या शेडमध्ये हजारो कोंबड्या एकसुरात कलकलत होत्या.

“आता जाऊन सांगशील तिकडे?” वेस्टरने विचारलं.

डेन्झिल पायरीवरून उठला. सांगायचं म्हणजे होबर्टचं नाव घ्यायचं. डोळ्यांपुढे अल्मेडा आली, तिचा चर्चमधला नेहमीचा बाक आला.

“मग नीघ,” वेस्टर म्हणाला. “माझ्या कपाळावरचा डाग धुऊन द्यायला आलास आणि पाणी घरीच विसरलास.”

पुढच्या वर्षांत दोघं मित्र दुकानात बाकावर बसतच राहिले. होबर्टने ती गोष्ट सांगणं सोडलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, “आता घसा चालत नाही.” मग दुसरे कुणी सांगायचे, तिखटमीठ लावून, आणि शेवटच्या वाक्यासाठी सगळे डेन्झिलकडे बघायचे तेव्हा तो म्हणायचा, “हो, शिव्या देत होता,” आणि खिडकीबाहेर बघायचा. सरपण दर हिवाळ्याला येतच राहिलं. डेन्झिल ते जाळत राहिला. एका हिवाळ्यात त्याने स्वतःच सगळी लाकडं फोडून ठेवली, होबर्ट यायच्या आत. होबर्टने आपली गाडी फाटकाशी थांबवली, तो भरलेला ढीग पाहिला, आणि आपली लाकडं तिथेच रस्त्याकडेला उतरवून गेला. लोरीन म्हणाली, “तुमचं दोघांचं काय भांडण झालंय?” डेन्झिल म्हणाला, “भांडण झालं असतं तर बरं होतं.”

होबर्ट एका फेब्रुवारीत गेला. गोठ्यात गवत टाकताना हृदय थांबलं.

पाद्रीबाबांनी आदल्या दिवशी डेन्झिलला निरोप पाठवला: तुम्ही चार शब्द बोला, ती गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आहे सगळ्यांना. चर्च गच्च भरलं होतं. शवपेटी उघडीच होती. अल्मेडा पहिल्या बाकावर ताठ बसली होती.

डेन्झिलने गोष्ट सांगितली. बार, घळ, ओक. होबर्टची हाक खालून कशी आली. मोडक्या गुडघ्याने त्याने चढ कसा चढला. मध्ये दोनदा पडला आणि दोन्ही वेळा आधी स्वतः खाली गेला, डेन्झिलला जमिनीला लागू दिलं नाही. हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि तेही खरं होतं. लोक रडत होते. शिव्यांचं वाक्य आलं तेव्हा रडता रडता हसले. आता त्याने खाली बसायचं होतं.

तो बसला नाही.

“आणखी एक सांगायचंय. मला गोळी वेस्टर गॅनने मारली नव्हती. तुम्हा सगळ्यांना तसं वाटत आलंय. मलाही वाटायचं. त्याने नाही मारली. मला नक्की माहीत आहे.”

मागून हर्शेलकाकांचा म्हातारा आवाज आला, “कसं काय माहीत?”

“मी विचारलं,” डेन्झिल म्हणाला आणि बसला.

कुणाकुणाच्या लक्षात काय आलं ते देव जाणे. काहींनी पेटीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. अल्मेडाने मागे वळून पाहिलं नाही.

दफन झाल्यावर, माणसं पांगल्यावर, तिने डेन्झिलला स्वयंपाकघरात बोलावलं. शेजाऱ्यांनी आणलेल्या पदार्थांनी टेबल भरलं होतं. तिने त्याच्यापुढे फळं भरून भाजलेल्या गोड पायचा तुकडा ठेवला आणि स्वतः खिडकीपाशी उभी राहिली.

“त्या सकाळी तो घरी आला होता,” ती म्हणाली.

डेन्झिलने काटा खाली ठेवला.

“मी इथेच उभी होते. गाडी अंगणात येऊन थांबली. वाटलं, काहीतरी विसरला असेल. उतरलाच नाही. दोन्ही हात चाकावर, आणि समोर गोठ्याच्या भिंतीकडे बघत बसलेला. मी आतून काचेवर टकटक केली, त्याला ऐकू गेलं नाही. कॉफी गार होईल म्हणून मी बाहेर निघाले, तेवढ्यात त्याने गाडी वळवली आणि परत गेला. दुपारी लोक सांगत आले, होबर्टने डेन्झिलला वाचवलं.”

“तू कधी विचारलं नाहीस?”

“तू विचारलंस?”

बाहेर कुणीतरी होबर्टच्या गाईंना चारा घालत होतं.

“एप्रिल आला की उजाडायच्या आधी उठायचा,” अल्मेडा म्हणाली. “ओसरीवर जाऊन बसायचा. लांब कुठे टर्की बोलला की कान झाकायचा. एवढी वर्षं. मी आतून बघायचे. खा तू, सफरचंदाचा आहे.”

त्याने खाल्लं. सगळं संपवलं.

रस्ते मोकळे झाल्यावर तो पुन्हा आर्कन्सॉला निघाला. या वेळी लोरीनला त्याने खरं सांगितलं: वेस्टरला भेटायला चाललोय, त्याला काहीतरी कळवायचंय. पण आवाराशेजारच्या त्या जागी नुसतं गवत होतं. घराची चाकं जिथे रुतली होती तिथे दोन चर उरले होते. तो बघत उभा राहिला तेव्हा कोंबड्यांच्या शेडमधून एक बाई बादली घेऊन बाहेर आली.

“वेस्टरकडे आलात? तो गेल्या पानगळीतच वारला. फुप्फुसं. तुम्ही नात्यातले का?”

“नाही. शेजारी. पूर्वीचा.”

“काही निरोप होता?”

“होता,” डेन्झिल म्हणाला.

बाईने बादली खाली ठेवली. त्याचा चेहरा बघून तिने दुसरी एक बादली पालथी घातली आणि त्याला बसायला दिली. आणि डेन्झिल योकमने तिथे, जिला शिकारीतलं काही कळत नव्हतं आणि ज्यांची नावं तिने कधी ऐकली नव्हती अशा बाईला, सगळी गोष्ट सांगितली. ओली पाटी, लाल रुमाल, ओठातलं पान, तिसरी फाटलेली हाक. येऊन थांबलेली पावलं. रडत वर गेलेला माणूस, अंगणातली गाडी, पाठीवरचा चढ. काही गाळलं नाही, कुठल्या जागी थांबलाही नाही. मधूनच त्याचा आवाज चिरकत होता.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “वेस्टर कधी काही बोलला नाही याबद्दल. कोंबड्यांना भारी जीव लावायचा.”

“हो का?”

“आजारी पिल्लू दिसलं की शर्टात घालून हिंडायचा दिवसभर.”

डेन्झिलने मान हलवली. त्याला ते माहीत नव्हतं. वेस्टरबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने विचारलं, त्याला कुठे पुरलंय? बाईने हाताने रस्ता दाखवला: पहिलं वळण, मग पुलापलीकडे, लोखंडी फाटक आहे, कुलूप नसतं.

तो गाडीकडे गेला आणि तिकडे निघाला.